ती सुई विसरली नव्हती

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. विषय जवळ आला की मी उठून पाणी प्यायला जायचो, नाहीतर पंख्याचा वेग कमी-जास्त करायचो. घरात सगळ्यांना ही माझी सवय माहीत आहे. तिचं कारण मात्र एकीलाच माहीत आहे.

परवा जेवताना नात म्हणाली, "आजोबा, आई एकदा इन्सुलिन घ्यायला विसरली आणि डायरेक्ट आयसीयूत गेली ना? एवढी केअरलेस होती?"

आई म्हणजे माझी सून. ती समोरच बसून भातात रसम कालवत होती. तिनं मान वर केली नाही. "होते बाई," ती म्हणाली, "तुझ्यासारखीच. तुझा टिफिन कुठंय? शाळेतच ना?"

नात हसली. मी उठलो आणि पाणी प्यायलो.

पण त्या दिवशी नुसतं पाणी पिऊन भागेना. माझी ऐंशी उलटली. माझ्यामागे ही गोष्ट अशीच, उलटी, माझ्या नातीच्या तोंडी राहणार, आणि पुढे ती तिच्या मुलांना सांगणार की तुमची आजी निष्काळजी होती. म्हणून लिहितो आहे. माझी सून सुई विसरली नव्हती. तिनं ती मागितली होती, आणि मी दिली नाही.

मी मूळचा सातारचा. चोविसाव्या वर्षी मद्रासजवळ आवडी नावाच्या गावी संरक्षण कारखान्यात लागलो आणि तपासणी विभागातच निवृत्त झालो. दुसऱ्यांनी केलेलं काम मापाचं गेज लावून बघायचं आणि पास की नापास ते सांगायचं, एवढंच काम. चौतीस वर्षं ते केलं की माणसाला वाटायला लागतं, आपली नजर चुकत नाही. अंबत्तूरला घर घेतलं. मुलगा श्रीपेरुंबुदूरच्या एका मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर झाला. पहाटे कंपनीची बस कोपऱ्यावर यायची, त्यातून जायचा. सन दोन हजार सालानंतरची ही दोन-तीन वर्षं. मद्रासचं चेन्नई झालं होतं, पण आमच्या तोंडात मद्रासच होतं.

मुलानं स्वतःच मुलगी ठरवली. एका शाळेत गणित शिकवणारी, तंजावरकडच्या मराठी घरातली. पिढ्यान्पिढ्या तिकडे राहिलेली माणसं. घरात मराठी बोलतात, पण ती जुनी आणि तमिळच्या चालीवरची. लग्नाचं पक्कं होण्याआधी तिचे वडील एकटेच आमच्याकडे आले. निवृत्त शाळामास्तर, बारीक अंगाचे, कमरेला पांढरी वेष्टी, कपाळावर गंध. सरबताच्या ग्लासाला हात न लावता त्यांनी आधी बोलून घेतलं.

"मुलीला अकराव्या वर्षापासून साखरेचा आजार आहे. शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. रोज दोन सुया, जन्मभर. हे ऐकून मग हो म्हणा की नाही म्हणा. लपवून लग्न करणार नाही."

ते गेल्यावर बायको म्हणाली, "सांगितलं तरी. दुसऱ्यानं दडवून मुलगी गळ्यात मारली असती."

मला ते लग्न पटलं नव्हतं. पण मुलगा हटला नाही आणि लग्न झालं. लग्नाच्या दिवशी पंगत उठल्यावर अप्पांनी मला बाजूला बोलावलं. सून वडिलांना अप्पा म्हणायची म्हणून आम्हीही अप्पाच म्हणायला लागलो. ते मला व्याही म्हणत नसत, तमिळ रीतीनं ‘संबंधी’ म्हणत. त्यांनी घडी घातलेला एक मोठा कागद माझ्या हातात दिला.

"संबंधी, हे वाचून ठेवा. पुढच्या बाजूला साखर उतरली तर काय करायचं ते आहे. मागच्या बाजूला साखर चढली तर. दोन्ही निरनिराळं आहे."

कागद मराठीतच होता. तमिळ शाळेत आयुष्य घालवलेल्या त्या माणसानं आमच्यासाठी मुद्दाम मराठीत लिहिला होता. अक्षर मोठं, गोल, आणि भाषा शंभर वर्षांपूर्वीच्या सरकारी पत्रासारखी. ‘घाम सुटतो, हस्त कापतात, स्वभाव चिडका होतो, भाषण असंबद्ध होते.’ घरी आल्यावर मी तो बायकोला मोठ्यानं वाचून दाखवला. ‘शर्करा तीन चमचे उदकात घोळून देणे, परंतु शुद्ध नसल्यास मुखात काही न घालणे, त्वरित इस्पितळ.’ आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग दारावर पाण्याची लॉरी आली, मी बादल्या घेऊन खाली धावलो, आणि कागद कपाटात गेला. मागची बाजू मी वाचली नाही. राहिली आणि राहूनच गेली.

पुढची बाजू कामाला आली ती गणपतीत.

आमच्या इथल्या मराठी मंडळात आरत्या सुरू झाल्या की थांबवायला देवच खाली यावा लागतो. एक झाली की कुणीतरी दुसरी उचलतो, मग नाशिकचे एक गृहस्थ आपल्या कुलदेवीची काढतात, मग सगळ्यांना आपापल्या कुलदेवी आठवतात. आरती अर्ध्या तासात संपून पान वाढतील अशा हिशेबानं सुनेनं घरून निघताना सुई घेतली होती. पाऊण तास झाला तरी आम्ही टाळ्याच वाजवत होतो. आणि मधेच ती माझ्या बायकोवर खेकसली, "पुरे करा ना आता! किती ओरडता?"

टाळ्या थांबल्या. बायकोचा चेहरा पडला. मागून कुणीतरी म्हणालं, "बघा, नवी सून." मी वळून पाहिलं. सुनेच्या ओठावर घामाचे थेंब, साडीचा खांदा भिजलेला, हातातलं निरांजनाचं तबक थरथरत होतं. मला एकदम ‘स्वभाव चिडका होतो’ आठवलं. तबक तिच्या हातातून काढून घेतलं, तिला खुर्चीत बसवलं आणि प्रसादाच्या शिऱ्यासाठी आणलेल्या साखरेतली मूठभर पेल्यातल्या पाण्यात ढवळून तिला दिली. "पी. सगळं." ती प्यायली. दहा-पंधरा मिनिटांत तिचे डोळे जागेवर आले. भोवती जमलेली माणसं बघून ती ओशाळली. "आई, मी तुम्हाला काही बोलले का?"

"बोललीस ते बरंच झालं," बायको म्हणाली. "माझेही पाय दुखायला लागले होते."

मग आधी तिला जेवायला वाढलं आणि उरलेल्या आरत्या नंतर झाल्या. मंडळाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच. अप्पांचा तंजावरहून फोन आला. "संबंधी, तुमी माझ्या मुलीचा जीव वाचवलात. मी कागद दिला तेव्हा मनात शंका होती. आता नाही."

मला ते फार आवडलं. पुढचे सहा-आठ महिने मंडळात ज्याला-त्याला मी शुगर लो झाली तर काय करायचं ते सांगत असे. सून लांबून ऐकायची आणि गालात हसायची. आमच्यात तोवर सासरा-सुनेचं अंतर होतं. गणपतीनंतर ते कमी झालं. ती शाळेतून आली की आम्ही दोघं गच्चीवर बसून पेपरातलं गणिताचं कोडं सोडवायचो. माझं चुकलं की म्हणायची, "बाबा, नापास."

त्यानंतरचा मे महिना. ऊन असं की गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येत नव्हता. लेकीच्या बाळंतपणाला बायको नाशिकला गेली होती. मुलाला कंपनीनं दोन आठवड्यांसाठी गुजरातला पाठवलं होतं. शाळेला सुट्टी. घरात सून आणि मी.

शनिवारी संध्याकाळी तिचं पोट बिघडलं. रविवारी सकाळी उलट्या सुरू झाल्या. चहा ठरेना, इडलीचा घास ठरेना. मी जिरं-ओवा भाजून दिला, तोही पडला. न्हाणीघरापर्यंत जायची ताकद राहिली नाही तेव्हा मी प्लॅस्टिकचं घमेलं आणून पलंगाशी ठेवलं. तिला लाज वाटत होती. "बाबा, तुम्ही नका, मी धुते." मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याचं सगळं मीच काढलंय लहानपणी, गप पड." दर तासाला घमेलं धुवायचं, ओल्या पंचानं तिचं तोंड पुसायचं, वीज गेली की पुठ्ठ्यानं वारा घालायचा. मी हे मनापासून करत होतो. हे लिहिण्यात माझी बाजू सांभाळायचा हेतू नाही. त्या दिवशी माया कमी नव्हती, एवढंच लिहायचं आहे.

सकाळची सुई घ्यायची वेळ झाली तेव्हा तिनं विचारलं, "घेऊ का, बाबा? खाल्लं तर काहीच नाही."

"पोटात कण नाही आणि सुई घेतेस? साखर उतरून पडशील. लंघन हेच औषध. आमच्या घरात पोट बिघडलं की दोन दिवस काही घालायचं नाही. अन्न नाही आणि औषधही नाही."

तिनं मान हलवली. साखर मोजायचं छोटं यंत्र घरात होतं, पण त्याच्या पट्ट्या संपल्या होत्या. औषधांचं दुकान खालच्याच रस्त्यावर, रविवारीही उघडं. मी गेलो नाही. गणपतीत मी यंत्राशिवायच ओळखलं होतं.

दुपारी ती तहान तहान करू लागली. तांब्यावर तांब्या पाणी पीत होती, अर्धं ओकत होती, आणि भिंत धरत पुन्हा पुन्हा लघवीला जात होती. मला वाटलं, उन्हाळा. संध्याकाळी तिनं पुन्हा विचारलं, आणि या वेळी विचारणं वेगळं होतं.

"बाबा, फ्रिजमधली बाटली देता का? थोडी तरी घ्यायला हवी. जेवण नसलं तरी पूर्ण बंद करायची नसते. अप्पा सांगतात."

"तुझे अप्पा इथे नाहीत. इथे मी आहे."

असं म्हणालो मी. शब्द हेच होते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कूस बदलली. थोड्या वेळानं म्हणाली, "अप्पांना एक फोन करू?" मी म्हटलं, "म्हाताऱ्या माणसाला उगाच कशाला घाबरवतेस? सकाळपर्यंत बघू." आणि मग मी आणखी एक गोष्ट केली, जी आजवर कुणाला सांगितली नाही. तिची इन्सुलिनची बाटली फ्रिजच्या दारात असे. ती काढून मी खालच्या खणात, कोथिंबिरीच्या जुडीमागे ठेवली. न विचारता उठून घेईल आणि साखर उतरून न्हाणीघरात पडेल, ही माझी भीती. भीती खरी होती, पण हिशेब उलटा होता.

सोमवारी झुंजुमुंजू होताना फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला. ते बराच वेळ उघडं होतं. मग बंद झालं. मग पावलं, सावकाश. मी माझ्या खोलीत जागा होतो. मी उठलो नाही.

नऊच्या सुमारास तिच्या खोलीत गेलो तेव्हा ती जिने चढून आल्यासारखा श्वास घेत होती. खोल, भराभर, पडल्या पडल्या. जीभ पांढरी, कोरडी. पोटात फार दुखतं म्हणाली. खोलीत एक वास येत होता, फळ अति पिकून आंबल्यासारखा. मी स्वयंपाकघरात जाऊन वेलची केळ्यांचा घड तपासला. घड चांगला होता. ओट्यामागे, कचऱ्याच्या डब्यात, सगळीकडे शोधलं. वास तिच्या श्वासाला होता, आणि मी तो घरभर शोधत होतो.

परत आलो तर तिला माझा प्रश्न कळेना. उत्तर द्यायची, पण दुसऱ्याच कशाचं. ‘भाषण असंबद्ध होते.’ झालं, मी म्हटलं, साखर उतरली. ग्लुकोजची पूड पाण्यात कालवली आणि चमच्या-चमच्यानं तिला पाजू लागलो. गणपतीत ती घामानं निथळत होती. आता मी तिच्या कपाळावर हात ठेवला तर कपाळ कोरडं ठणठणीत होतं. हा फरक माझ्या तळहाताला कळला. चौतीस वर्षं असले फरकच शोधले होते. तरी मी चमचा थांबवला नाही.

खालच्या मजल्यावरच्या तमिळ शेजारीण मामी पाण्याच्या लॉरीचं सांगायला वर आल्या म्हणून सून वाचली. त्यांच्या नवऱ्याला साखरेचा आजार होता. दारातूनच त्यांनी वास घेतला, आत येऊन तिचा श्वास बघितला आणि माझ्या हातातला ग्लास काढून घेतला. "सार, ही लो नाही. आस्पत्री! आत्ता!" त्यांनीच गॅलरीतून ओरडून ऑटो थांबवला. आम्ही दोघांनी तिला मधे धरून नेलं.

रुग्णालयात तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं बोट टोचलं, रक्त काढलं, दोन्ही हातांना सलाइन लावलं आणि मग माझ्याकडे वळली.

"शेवटचं इन्सुलिन कधी घेतलं?"

"शनिवारी संध्याकाळी."

"त्यानंतर का नाही?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही."

ती चिडली नाही. बहुधा असं रोज ऐकत असावी. तिनं मला समजावून सांगितलं, वहीच्या कोपऱ्यात चित्र काढून. माणूस जेवला नाही तरी यकृत रक्तात साखर सोडतच असतं. आजारपणात तर जास्तच. इन्सुलिन नसलं की ती साखर पेशींत शिरत नाही. साखरेच्या पुरात बसून शरीर उपाशी राहतं, मग चरबी जाळायला लागतं, आणि त्यातून रक्तात आम्ल साठतं. तो वास त्याचा, तो श्वास ते आम्ल बाहेर टाकण्यासाठी, उलट्याही त्याच्याच. "अशा वेळी इन्सुलिन कमी-जास्त करतात, बंद कधीच करत नाहीत. दर दोन-तीन तासांनी साखर तपासायची, पाणी देत राहायचं, आणि उलटी थांबत नसेल तर घरी बसायचं नाही. आणखी तीन-चार तास उशीर झाला असता तर मी काही सांगू शकले नसते."

दिवसभर मी काचेतून बघत होतो. आधी सलाइन, मग नळीतून थेंब-थेंब इन्सुलिन, तासातासाला बोट टोचणं. मला वाटत होतं की एकदम का नाही उतरवत साखर. परिचारिका म्हणाली, घाई केली तर मेंदूला सूज येते आणि रक्तातलं पोटॅशियम घसरतं, हृदयाला धोका. सावकाशच उतरवायची. संध्याकाळपर्यंत तिचा श्वास माणसासारखा झाला.

मंगळवारी सकाळी मी तिच्या उशाशी होतो. डॉक्टरीण फेरीला आली. "शिकलेली मुलगी ना तू? शाळेत शिकवतेस ना? इन्सुलिन का थांबवलंस?"

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरिणीकडे बघून तमिळमध्ये म्हणाली, "मरन्दुट्टेन." विसरले.

डॉक्टरीण तिला बोलली, बरंच बोलली. मी पलंगाची कड धरून उभा होतो. एवढंच म्हणायचं होतं की बाई, तिनं मागितलं होतं. चार शब्द. मी ते बोललो नाही.

दुपारी मुलगा विमानानं आला आणि तिच्यावर ओरडला. "विसरलीस? पंधरा वर्षं घेतेस आणि विसरलीस? बाबा नसते तर?" ती म्हणाली, "हो ना." मी पाणी प्यायला गेलो. ही सवय त्या दिवसापासूनची.

आणि संध्याकाळी अप्पा आले. तंजावरहून सात तास बसनं, उभ्यानंच बराचसा, हातात कापडी पिशवी. आत जाऊन मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, बाहेर आले आणि सगळ्यांसमोर माझ्यापुढे वाकले. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा माणूस. दोन्ही हात जोडून म्हणाले, "संबंधी, क्षमा करा. माझ्या मुलीनं चूक केली. तुमाला एवढा त्रास जाला. मी शिकवायला कमी पडलो."

आमच्याकडे मुलीच्या बापानं वाकायची रीत आहे आणि मुलाच्या बापानं ते मानून घ्यायची. माझ्या तोंडून निघालं, "असू द्या. होतं."

मी ती क्षमा घेतली. जी मी मागायची, ती मी दिली. आणि त्यांच्या चेहऱ्यावर केवढा सुटकेचा भाव आला!

घरी आल्यावर कपाटातला तो कागद काढला आणि मागची बाजू वाचली. तिसऱ्याच ओळीत होतं, ‘वमन होत असता व अन्न न जाता सुई बंद न करणे, हे सर्वात महत्त्वाचे.’ त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

त्यानंतर अप्पा दर महिन्याला येऊ लागले. पहिल्या रविवारी सकाळी दारात हजर. तिच्या वहीत रोजच्या साखरेचे आकडे बघायचे, बाटलीत किती उरलं ते उजेडात धरून बघायचे, आणि संध्याकाळच्या बसनं परत. मुलगी विसरते, असा त्यांचा समज झाला होता. सत्तरीच्या घरातला माणूस, गुडघे दुखतात, तरी महिन्यातून चौदा तास बसमध्ये. मी त्यांना कॉफी द्यायचो. ते विचारायचे, "संबंधी, नीट घेते ना? तुमी लक्ष ठेवता म्हणून मला झोप लागते."

सून एकदा त्यांना म्हणाली, "अप्पा, नका येऊ हो एवढ्या लांब. मी विसरत नाही."

"तेव्हाही असंच सांगत होतीस," अप्पा म्हणाले.

तिनं वही मिटून ठेवली. तिला वाद घालता आला असता. तिच्या हातात एक वाक्य होतं.

बायकोनंही एकदा ऐकवलं. मुलानं मूल होऊ देण्याचा विषय काढला होता. बायको म्हणाली, "जिला स्वतःची सुई सांभाळता येत नाही, ती मूल काय सांभाळणार?" बायको दुष्ट नव्हती. तिला जे माहीत होतं त्यावरून ती बोलली. सून स्वयंपाकघरात होती, तिला ऐकू गेलं. तो विषय त्यानंतर चार वर्षं घरात निघाला नाही. ती चार वर्षंही माझ्याच खाती.

शेवटी एका दुपारी मी सुनेला म्हणालो, "मी सगळ्यांना सांगतो. आज रात्री जेवताना सांगतो."

ती दोडक्याच्या शिरा काढत होती. हात न थांबवता म्हणाली, "कशाला, बाबा?"

"तुझं नाव खराब झालं."

"झालं खरं." थोडा वेळ ती सोलत राहिली. "पण तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही मला पुन्हा पाण्याचा पेलासुद्धा द्यायला घाबरला असता. ह्यांनी तुमच्यावर मला सोडलंच नसतं. त्या रविवारी माझं घमेलं दिवसभर कोण धूत होतं? मला राग आला होता, नाही असं नाही. बाटली शोधताना फार आला होता. मग दवाखान्यात तुमचं तोंड बघितलं." ती हसली. "एवढं नापास झालेलं तोंड मी शाळेतही बघितलं नव्हतं."

मी रडलो. तिनं मला रडू दिलं, आणि मग म्हणाली, "रात्री काही बोलू नका. फक्त अप्पांना कधी जमलं तर सांगा. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, मी स्वतःला वाचवतेय. तुम्ही सांगितलं तरच ते मानतील."

एवढं एकच तिनं माझ्याकडे मागितलं. सुईनंतर दुसऱ्यांदा.

मी पुढच्या पहिल्या रविवारी ठरवलं. अप्पा आले, वही बघितली, समाधानानं मान डोलावली, मी कॉफी दिली, ते गेले. त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे होते. मग सुनेला दिवस गेले आणि घरात आनंद होता, म्हटलं आता नको. सुनेनं ते नऊ महिने इतक्या काटेकोरपणे काढले की डॉक्टर इतर बायकांना तिची वही दाखवायचे. अप्पा तेव्हा म्हणाले, "आता शहाणी जाली." कारणं मला कधी कमी पडली नाहीत.

नात दीड वर्षाची असताना अप्पांचं येणं थांबलं. हृदय कमजोर झालं, पायांना सूज. सुनेनं मला विचारलं नाही. नुसतं बसचं तिकीट आणून माझ्या टेबलावर ठेवलं.

तंजावरपर्यंतच्या सात तासांत मी काय बोलायचं ते जुळवलं. पुन्हा पुन्हा मनात म्हटलं, कमी केलं, सरळ केलं, शेवटी उरलं तेवढं पाठ केलं. त्यांच्या घरी पोचलो तेव्हा दुपार होती. अप्पा ओसरीवर बाजेवर उशीला टेकून बसले होते. मला बघताच त्यांचा चेहरा उतरला.

"संबंधी? एकटे? पुन्हा काही जालं का? पुन्हा विसरली?"

"नाही, नाही," मी घाईनं म्हणालो. "ती अगदी छान आहे."

"मग तुमी एवढे लांब..." त्यांना दम लागला. श्वास सावरून त्यांनी हळूहळू दोन्ही हात जोडायला घेतले. "तुमी तिला सांभाळून घेतली. त्या वेळी दुसऱ्यानं माहेरी पाठवली असती. मी विसरलो नाही."

मी ते जोडलेले हात माझ्या हातांत धरले. हलके होते, आणि गार. या माणसाचा सगळा धीर आता माझ्यावरच्या विश्वासावर टेकला आहे, आणि मी तो काढून घेतला तर हे हृदय झेलेल का, असं मला वाटलं. ते खरं होतं की पुन्हा एक कारण होतं, हे आजही मला ठरवता येत नाही. मी म्हणालो, "पोरगी फार काळजी घेते हो. तुम्ही छान शिकवलंत." त्यांचे डोळे भरले. आम्ही कॉफी प्यायलो. मी संध्याकाळच्या बसनं निघालो. पावसाळ्याआधीच ते गेले.

बसमध्ये पाठ केलेलं अजून तसंच पाठ आहे. ते असं होतं: अप्पा, तुमच्या मुलीनं सुई मागितली होती, मी दिली नाही, आणि बाटली लपवली. ती कधीच विसरली नाही. दवाखान्यात तुम्ही माझ्यासमोर वाकलात तेव्हा मी तुमच्या पायांवर पडायला हवं होतं. अप्पा, मला क्षमा करा.